चाक वर असताना



खर्ड्याच्या माणसाला ११ मार्च १७९५ ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. निजाम अलीखान आपल्या गावच्या किल्ल्याच्या आश्रयाला आला, मराठ्यांनी त्याला कोंडले आणि त्याला तह करावा लागला. दौलताबादेसह मोठा मुलूख, तीन कोटी रुपये, शिवाय त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या हवाली. एवढे शाळेतली मुलेही सांगतात. पुढचे सहसा कोणी सांगत नाही.

सवाई माधवराव पेशव्यांना तेव्हा एकविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. ग्रँट डफने आपल्या इतिहासात नोंदवले आहे की, विजयानंतर ते उदास दिसले. नाना फडणिसांनी कारण विचारले. मोगलांनी अशी मान टाकावी आणि आपल्या लोकांनी कष्टाविना मिळालेल्या जयाच्या बढाया माराव्यात, ही दोन्हीकडची घसरण पाहून वाईट वाटते, अशा अर्थाचे ते बोलले.

रोममध्ये हे काम दुसऱ्यावर सोपवलेले असे. विजयी सेनापतीची मिरवणूक निघाली की त्याच्या मागून कोणीतरी त्याला आठवण करून देई, की तू माणूसच आहेस. तर्तुलियन या आपल्या प्राचीन ख्रिस्ती लेखकाने हे लिहून ठेवले आहे. आपल्या पेशव्यांना मागून कोणी सांगावे लागले नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ते शनिवारवाड्यात वरून पडून गेले. नाना १७९७ च्या अखेरीस पकडले गेले आणि आपल्याच जिल्ह्यात, अहमदनगरच्या किल्ल्यात, कैदेत पडले. मुशीरुल्मुल्क मात्र तोवर सुटून परत गेला होता!

सेमिनरीत आम्ही बोएथियस वाचला. हा रोमचा मोठा अधिकारी. इ.स. ५२२ मध्ये त्याचे दोन्ही मुलगे एकाच वेळी कॉन्सल झाले, आणि थोड्याच काळात हा स्वतः राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगात. तिथे लिहिलेल्या ग्रंथात त्याने दैवालाच बोलायला लावले आहे : माझे चाक फिरते, वर चढायचे तर चढ, पण खाली आल्यावर तक्रार करू नकोस. परीक्षेत यावर मला चांगले गुण मिळाले होते.

म्हणूनच की काय, मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीनंतर हरलेल्या एका गृहस्थांना मी हेच ऐकवले. जिंकलेल्यांच्या सत्काराला आधी जाऊन आलो होतो, हार घालून, फोटो काढून. तिथे चाकाचा विषय मला सुचला नाही. इथे सुचला. ते म्हणाले, “फादर, हे तिकडं सांगितलंत का?”

बोएथियसने ते स्वतःला सांगितले होते, स्वतःच्या कोठडीत. मी ते दुसऱ्याच्या ओसरीवर बसून दुसऱ्याला सांगत होतो. खाली आलेल्याला चाक फिरते हे कळलेलेच असते. ऐकायची गरज वरच्याला, आणि त्याला सांगायला आपण कचरतो, कारण त्याच्याकडे आपले काम असते. माझेही होते : चर्चच्या रस्त्याचे.

दोन दिवसांनी त्यांच्याकडे पुन्हा गेलो. चहा झाला. ते कांद्याच्या भावाबद्दल आणि सोसायटीच्या कर्जाबद्दल बोलत राहिले, मी ऐकत राहिलो. जिंकलेल्यांकडे जायचे अजून राहिले आहे.

आपला,
फादर