चूल विझवणे हीदेखील सेवाच

बदरी-केदारच्या वाटेवर उन्हाळाभर उघड्यावर, ताडपत्रीखाली किंवा पत्र्याच्या आडोशाला भंडारे आणि लंगर चालतात. यात्रेकरूला कोणी जात विचारत नाही, पैसे मागत नाही. भाऊबीजेला केदारनाथाचे दरवाजे बंद होतात, नोव्हेंबरात बद्रीनाथाचे, आणि या भट्ट्याही विझतात. ज्याने भुकेल्याला अन्न देण्याचे व्रत घेतले, त्याने आपल्या हाताने चूल विझवावी का? बर्फापुढे माघार घेतली म्हणजे व्रत मोडले, असे मानायचे का? माझे उत्तर नाही असे आहे. नीट विझवलेली, झाकून ठेवलेली चूल अन्नदानाचाच एक भाग आहे, आणि एका अर्थाने त्याचा सर्वांत निर्मळ भाग आहे.

आधी हे काम काय असते ते पाहू. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते; नळात, पंपात किंवा टाकीत राहिलेले थोडेसे पाणीही लोखंड फोडते. मातीच्या चुलीत ओल मुरलेली असली तर तिचेही तेच होते आणि वसंतात हाती भुगा लागतो. म्हणून चूल कोरडी करून झाकायची, नळ उघडून पाणी पूर्ण काढायचे, तवे-कढया घासून त्यांना तेलाचा हात फिरवायचा, बर्फाच्या वजनाने फाटण्याआधी ताडपत्री उतरवायची. धान्याचा कणही मागे ठेवायचा नाही, नाहीतर उंदीर येतात आणि उष्ट्याच्या वासाने अस्वलेही येतात. हे सारे ज्यांच्यासाठी करायचे, ते यात्रेकरू अजून घरून निघालेलेही नसतात.

यावर पहिला आक्षेप श्रद्धावंतांचा असतो. तैत्तिरीय उपनिषद सांगते की आसऱ्याला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये. मग सहा महिने दार बंद कसे? पण तेच उपनिषद लगेच पुढे सांगते की, म्हणून हरप्रकारे पुष्कळ अन्न मिळवून ठेवावे. कोणाला नाही म्हणायचे नसेल तर तयारी आधीपासून हवी, हा त्यातला सरळ अर्थ आहे. फुटलेल्या नळाशी आणि गंजलेल्या कढईशी वैशाखात उभा राहिलेला सेवक पहिल्याच पाहुण्याला उपाशी परत पाठवील. व्रत तिथे मोडते.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. ही नुसती आवराआवर. तिला धर्माचे नाव कशाला? याचे उत्तर बद्रीनाथातच आहे. तिथे मंदिर एकदम कुलूप लावून बंद करत नाहीत. आधी पाच दिवसांच्या पंचपूजा होतात, आदिकेदारेश्वराला अन्नकूट आणि लक्ष्मीला कढाई भोग अर्पण होतो, आणि शेवटी माणा गावच्या मुलींनी विणलेली लोकरी कांबळ तुपाने माखून मूर्तीला पांघरतात. थंडीची तयारी हाच तिथे पूजाविधी आहे. शिवाय वाढणाऱ्याला जेवणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे समाधान लगेच दिसते. थंडगार पाण्यात परात घासणाऱ्याला कोणाचे आभार मिळत नाहीत. पुढच्या वर्षी त्या परातीत कणीक कोण मळेल, ती पोळी कोण खाईल, हे त्याला ठाऊक नसते. फळाची आस सोडून कर्म करावे हे गीतेचे सांगणे इथे जितके खरे उतरते, तितके भर पंगतीत उतरत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. भूक हिवाळ्याची सुटी घेत नाही; मग सेवेने का घ्यावी? हे खरेच आहे, आणि त्याचा मार्गही परंपरेनेच दाखवला आहे. केदारनाथाची डोली उखीमठला उतरते, बद्रीनाथाहून उद्धव आणि कुबेर यांच्या मूर्ती पांडुकेश्वरला येतात. पूजा थांबत नाही, माणसे राहतात तिथे ती खाली येते. दानाला देश, काल आणि पात्र पाहावे, असे गीताही सांगते. निर्मनुष्य बर्फात चूल पेटती ठेवण्यात भुकेल्याचे काही हित नाही, केवळ आपल्या निष्ठेचे प्रदर्शन आहे. उरलेले तांदूळ, डाळ आणि तेल मात्र खालच्या गावांत पोचलेच पाहिजे. ते वर कुजू दिले, किंवा राख, प्लास्टिक आणि खरकटे मंदाकिनीत लोटून सेवक घरी परतले, तर सहा महिन्यांच्या अन्नदानाला बट्टा लागला असे मी स्पष्ट म्हणेन.

महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य लोक या वाटेने जातात, तिथले अन्न खातात आणि कृतज्ञतेने देणगीही देतात. ती देणगी बहुतेकांच्या मनात पंगतीसाठी असते. यापुढे देताना भांडी घासण्यासाठी, पाणी काढण्यासाठी, कचरा आणि धान्य खाली उतरवण्यासाठीही द्यावे, आणि ज्या अन्नछत्राला आपण देतो ते हिवाळ्यापूर्वी जागा कशी सोडून जाते, हे आवर्जून विचारावे.