न पाहिलेल्या पाखराची साक्ष

काही वर्षांपूर्वी निसर्गलेखनाच्या एका स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. ते मी घ्यायला हवे होते का, हा प्रश्न अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

'माझ्या परिसरातील पक्षी' असा विषय होता आणि 'स्वतः पाहिलेले लिहावे' ही अट. आमचे गाव अलिबाग तालुक्यात. मामूंच्या वाडीतल्या विहिरीवर एक शिंदीचे झाड वाकलेले आहे. पावसाळा लागला की त्याला सुगरणीचे खोपे लटकू लागतात. लहानपणापासून ते पाहत आलो, म्हणून एका रात्रीत निबंध लिहून काढला. शेवटी एक प्रसंग घातला : मुसळधार पाऊस, हेलकावणारा अर्धवट खोपा आणि पिलांच्या काळजीने एकेक पाते विणणारी आई. परीक्षकांनी नेमक्या त्याच प्रसंगाचे कौतुक केले.

बक्षीस घेऊन गावी गेलो तेव्हा मामूंना निबंध वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "बेटा, ही विणणारी मादी तू कधी बघितलीस?"

"सुगरणच विणते ना, मामू?"

"पिवळ्या डोक्याचा विणतो, तो नर. मादी मागाहून येते. तू त्या विहिरीचं पाणी प्यायलास, पण मान वर करून बघितलंच नाहीस."

मामू चौथीपर्यंत शिकलेले. त्यांचे म्हणणे पडताळण्यासाठी पुस्तके उघडली, तर वाट पुन्हा आमच्याच तालुक्यात आली. बर्लिनहून पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन परतलेल्या सलीम अलींना नोकरी नव्हती. 1930 साली ते किहीमला राहत होते. तिथे त्यांनी सुगरण पक्ष्यांची एक वसाहत दिवसचे दिवस न्याहाळली. नर अर्धा खोपा विणतो. माद्या येऊन तो तपासतात. एखादीला पसंत पडला तर ती तिथे राहते, मग नर तो पूर्ण करतो आणि पुन्हा दुसरा विणायला घेतो. अंडी उबवणे मादीकडे. नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबत राहतात. आपल्या भाषेने नाव स्त्रीलिंगी दिले, म्हणून पाखराने आपली रीत बदलली नाही.

कुणी म्हणेल, मग बहिणाबाई चौधरींच्या कवितेत खोपा सुगरणच बांधते, त्याचे काय? मीही स्वतःची समजूत अशीच घातली होती. पण ती समजूत टिकली नाही. बहिणाबाईंनी पाखराच्या आडून माणसाला चार शब्द सुनावले. अमुक दिवशी अमुक झाडावर मी हे पाहिले, असा दावा त्यांनी केला नव्हता. बक्षिसासाठीही त्या रचत नव्हत्या. त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या त्या 1952 साली, त्यांच्या निधनानंतर. मी मात्र 'स्वतः पाहिलेले' या अटीखाली सही केली होती. कविता ही कल्पना असू शकते. माझा निबंध ही गवाही होती आणि न पाहिलेल्याची गवाही कुठल्याच न्यायालयात चालत नाही.

हा प्रश्न काही माझ्या एकट्याचा नाही. 1903 साली अमेरिकेत जॉन बरोज या वृद्ध निसर्गलेखकाने लोकप्रिय प्राणिकथा लिहिणाऱ्यांवर जाहीर टीका केली : तुम्ही कल्पना लिहिता आणि निरीक्षण म्हणून विकता. त्यांपैकी विल्यम लाँग हे धर्मोपदेशक होते. वुडकॉक पक्षी आपल्या मोडलेल्या पायाला मातीचे प्लास्टर घालतो, असे त्यांनी लिहिले होते. वाद इतका चिघळला की 1907 मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्यात उतरले. लाँग यांना प्राण्यांविषयी प्रेम नव्हते असे म्हणता येणार नाही. प्रेम होतेच. प्रेम असले की खरे-खोटे तपासायची गरज उरत नाही असे आपल्याला वाटू लागते, खरी अडचण तिथेच आहे.

यात बिघडले काय, असे मित्र विचारतात. माझ्या मते तीन जणांचे बिघडले. ज्या स्पर्धकाने खरोखर पावसात उभे राहून पाहिले, त्याची जागा कदाचित मी घेतली. ज्या वाचकाने विश्वास ठेवला, तो आता आपल्या मुलांना तेच सांगेल. आणि तिसरे ते पाखरू. माणसाविषयी खोटे लिहिले तर तो जाब विचारायला येतो. पाखरू संपादकांना पत्र लिहीत नाही. ज्याला बोलता येत नाही, त्याच्याविषयी बोलताना जबाबदारी अधिक असते.

मी आयोजकांना पत्र लिहून सारे कळवले. उत्तर आले नाही. पुढच्या पावसाळ्यात अठरा सकाळी विहिरीच्या काठावर बसलो. एक मादी एका खोप्यात शिरली, आत काही वेळ थांबली, बाहेर येऊन उडून गेली. नर पंख फडफडवत राहिला आणि मग पुन्हा पाते आणायला गेला. तिला त्या खोप्यात अंडी घालायची होती, म्हणून तिची पारख कडक होती. आमच्या परीक्षकांना आमच्या निबंधात राहायचे नसते. तिथे पारख करण्याचे काम लिहिणाऱ्यावरच येऊन पडते.

जे पाहिले तेच लिहून मी पुन्हा स्पर्धेत भाग घेतला. काही मिळाले नाही. निकाल वाचून वाईट वाटले, ते लपवत नाही. पण माझ्या मुलीने शाळेसाठी सुगरणीवर काही मागितले, तेव्हा हात आपोआप या दुसऱ्या निबंधाकडे गेला. पहिल्याचे प्रशस्तिपत्र भिंतीवरून उतरवून कपाटात ठेवले आहे. फाडले नाही. ते माझ्याविरुद्धची साक्ष म्हणून राहावे.

स्पर्धेत उतरू नये, असे मी म्हणत नाही. नियत बक्षिसाची असली तरी चालेल, माणूस आहे. पण पाकीट बंद करण्यापूर्वी एकदा मामूंचा प्रश्न स्वतःला विचारावा : बेटा, हे तू कधी बघितलंस?