पोट भरल्याची बातमी

आतड्याच्या अस्तरात शंभरातली जेमतेम एक पेशी संप्रेरके स्रवते. तरी जठरापासून मोठ्या आतड्यापर्यंत विखुरलेल्या या पेशी एकत्र धरल्या, तर संप्रेरके तयार करणारा शरीरातला सर्वांत मोठा अवयव हाच. १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांना सापडलेले पहिले संप्रेरक, सिक्रेटिन, आतड्यातलेच होते.

अशा पेशीचे टोक आतड्याच्या पोकळीत डोकावत असते. कोकणात दोडामार्गातल्या एखाद्या घरी दुपारी उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचे तिखले पोटात गेले, की भातातून सुटलेली साखर सोडियमसोबत पेशीत शिरते. त्याने पेशीचा विद्युतभार बदलतो, आत कॅल्शियम वाढते आणि संप्रेरक बाहेर पडते. वाटणातल्या खोबऱ्याची, माशाची स्निग्धाम्ले ओळखणारे ग्राही वेगळे, प्रथिनांचे वेगळे. सुरुवातीच्या आतड्यातून मुख्यतः जीआयपी आणि कोलेसिस्टोकायनिन ही संप्रेरके सुटतात, शेवटाकडच्या भागातून जीएलपी-१ आणि पीवायवाय. जीएलपी-१ इन्सुलिन वाढवते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि पुरे झाल्याची बातमी मेंदूला पोचवते. रक्तात ते दोनेक मिनिटांत निम्मे होते.

जेवणाचा क्रमही या पेशींना कळतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात भाताआधी पंधरा मिनिटे मासा खाल्ल्यावर जीएलपी-१ अधिक स्रवले आणि साखर कमी चढली. तो मासा बांगड्याच्याच कुळातला होता.

लठ्ठपणात पोट भरल्याची ही बातमी क्षीण होते. २००३ च्या एका अभ्यासात लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात, भूक शमवणारे पीवायवाय कमी आढळले. ते बाहेरून दिल्यावर मात्र त्यांचे खाणे सुमारे तीस टक्क्यांनी घटले. त्यांना ‘खादाड’ म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे. शिवाय शरीरातल्या चरबीची पूर्ण साक्ष वजनकाटाही देत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा देहभार निर्देशांक एकच, २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. ही तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली.

सेमाग्लुटाइड हे औषध म्हणजे जीएलपी-१ चेच टिकाऊ रूप. ते आठवडाभर काम करते आणि भूक खरोखर ओसरते. पण एका मोठ्या चाचणीत इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले.