रस्ता कुणाच्या मापाचा?

लखनौच्या ज्या वसाहतीत मी राहते तिचं नाव मानक नगर. रेल्वेची मापं आणि आराखडे ठरवणारी संस्था १९५७ साली इथे आली, तिच्यावरून हे नाव. 'मानक'ला मराठीत 'प्रमाण' म्हणावं, तर त्यात मापही येतं आणि पुरावाही. भाषांतर करताना हा शब्द मला नेहमी अडवतो. पंढरपूरच्या वादाने तो जास्तच अडायला लागला आहे.

माझी मावशी पंढरपुरात महाद्वाराजवळच्या एका बोळात राहते. काशीच्या धर्तीवर विठ्ठल मंदिराभोवती कॉरिडॉर करायचा, म्हणजे रस्ते रुंद करायचे आणि त्यासाठी घरं-दुकानं पाडायची, यावरून तिथे काही वर्षं रण पेटलं आहे. मावशी विरोधात. "वारकरी चार दिवसांचा, आम्ही बारा महिन्यांचे," हे तिचं ठरलेलं वाक्य. माझे इथले शेजारी, निवृत्त अभियंता, नेमकं उलटं बोलतात. काशीचा नवा मार्ग २०२१च्या डिसेंबरात खुला झाला, त्यानंतर त्यांनी आईला चाकांच्या खुर्चीतून विश्वनाथापर्यंत नेलं. जुन्या गल्लीतून ते जमलं नसतं. "तुमच्या मावशीच्या ओट्यासाठी माझ्या आईने घरीच बसायचं का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला चटकन उत्तर सुचलं नाही.

मापांची मी पूर्वी थट्टा करायची. आता करत नाही. २००५च्या जानेवारीत वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत अरुंद, निसरड्या चढावर चेंगराचेंगरी झाली आणि तीनशेच्या आसपास माणसं गेली. आषाढीला लाखो माणसं जिथे येतात, तिथल्या बोळाची रुंदी हा केवळ आवडीनिवडीचा विषय नाही. जुनं ते सोनं म्हणणाऱ्याने गर्दीत अडकलेल्या पोराच्या उंचीवरून एकदा तो बोळ पाहावा.

शिवाय 'आम्ही इथले' हा हक्क पंढरपुरात फार जुना आहे, आणि त्याचा इतिहास काही फार भूषणावह नाही. मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७मध्ये तिथे उपोषणाला बसावं लागलं. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३चा, आणि सर्वोच्च न्यायालयात तो वाद मिटायला २०१४ उजाडलं. दाराशी राहणाऱ्यालाच दारावर जास्त अधिकार, हे मानलं तर या दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरतील. मावशीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही कुणाला अडवत नाही, आम्हाला हलवू नका एवढंच म्हणतोय." फरक आहे, हे कबूल करावं लागतं.

पण रुंदीकरणाच्या बाजूने बोलताना मी चोखोबाच्या समाधीपाशी येऊन थांबते. परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा त्याखाली गेले. साल १३३८. नामदेवांनी अस्थी आणल्या आणि महाद्वाराशी, नामदेव पायरीसमोर, समाधी बांधली. दाराबाहेर. सरकारी वेठीला मेलेला माणूस आयुष्यभर जिथवर येऊ दिला गेला, साधारण तिथेच आहे. पायरी आणि समाधी यांच्यातलं ते थोडंसं अंतर हेच तिथलं प्रमाण आहे, दोन्ही अर्थांनी. आसपासचं सगळं ऐसपैस, फरसबंद, सारखं केलं, समाधीला हातही लावला नाही, तरी ते अंतर लोकांच्या पायांना कळेल का? मोकळ्या चौकात समाधी देखणी दिसेल, त्यात शंका नाही. देखणी दिसायला ती तिथे नाही, असं मला वाटतं.

शेजाऱ्यांना हे पटलं नाही. पाटी लावा, ते म्हणाले. पाटीने काम भागतं का, हा भाषांतरकाराचा जुनाच प्रश्न. तळटीप देऊन सुटणारे शब्द फार थोडे असतात.

आणि ज्यांना विचारलंच जात नाही त्यांचं काय? मालकाला मोबदला मिळतो, कारण सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर त्याचं नाव असतं. मावशीच्या ओट्याच्या कडेला एक बाई तुळशीच्या माळा आणि बुक्का विकते. तिच्या आधी तिची सासू तिथेच बसायची. तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. रस्ता रुंद झाला तर ती उठणार, न झाला तर मावशीची सून ओट्यावर दुकान काढणार आणि तरीही ती उठणार. घरमालकांच्या बैठकीत तिचा विषय निघाला नाही. मावशीनेही काढला नाही. मी विचारल्यावर ती जरा गप्प झाली. "तिला काय विचारायचं, ती आपलीच आहे," असं म्हणाली.

परवा तिचा परत फोन आला. पुढच्या बैठकीला त्या बाईला बरोबर नेते म्हणाली. बाईचं म्हणणं, वारी तोंडावर आहे, माळा ओवायच्या सोडून बैठकीला कोण येणार.