भीती आधी, कारण मागून

अफवा ऐकून माणसे घाबरतात, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असे जाहीर केले म्हणजे काम झाले, असे प्रशासनालाही वाटते आणि आपल्यालाही. सामाजिक मानसशास्त्रातली एक पायाभूत संकल्पना मात्र नेमक्या उलट्या शंकेतून जन्मली. आधी अफवा की आधी भीती? हा प्रश्न विचारला एका अमेरिकन संशोधकाने, पण त्याला तो सुचला बिहारमधल्या नोंदी वाचताना.

१५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी दोनच्या सुमारास बिहार आणि नेपाळ हादरले. मुंगेर आणि मुझफ्फरपूर जमीनदोस्त झाली. एकट्या बिहारमध्ये सात हजारांहून अधिक माणसे गेली. हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला. एवढ्या मोठ्या संकटाला तेवढेच मोठे कारण हवे, ही ओढ थोरामोठ्यांनाही सुटलेली नव्हती.

त्याच दिवसांत मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद लोकांच्या तोंडी फिरणाऱ्या अफवा टिपत होते. ग्रहणाच्या दिवशी याहून मोठा भूकंप होणार, पाटण्यावर चक्रीवादळ येणार, २६ फेब्रुवारीला प्रलय होणार. या अफवा ज्या भागात पसरल्या, तिथे धक्का जोरात जाणवला होता, पण पडझड झालेली नव्हती. पुढे १९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळल्या. तिथे मानसशास्त्रज्ञ दुर्गानंद सिन्हा यांनी प्रत्यक्ष नुकसान सोसलेल्या लोकांचा अभ्यास केला, तर अशी भाकिते त्यांच्यात आढळली नाहीत.

सुरुवातीचा तो अमेरिकन संशोधक म्हणजे लिऑन फेस्टिंजर. त्यांना या विरोधाभासाने बुचकळ्यात टाकले. जीव बचावल्यावर सुटकेचा निःश्वास टाकायचा, तर बिहारमधली ही माणसे आणखी भयंकर संकटे का कल्पतात? त्यांनी काढलेले उत्तर असे: छातीत धडकी भरलेलीच होती, पण भोवती पाहावे तर भिंतीला साधा तडाही नाही. मग ही भीती कशाची? अफवेने त्या भीतीला कारण पुरवले. दार्जिलिंगकरांना ते शोधावे लागले नाही, ते समोरच पडले होते.

मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळेनाशा झाल्या की माणूस अस्वस्थ होतो आणि त्यांतली जी बदलायला सोपी, ती बदलतो. हीच ती पायाभूत संकल्पना, बोधात्मक विसंगती. फेस्टिंजर यांचे त्यावरचे पुस्तक १९५७ चे. दोन वर्षांनी त्यांनी जेम्स कार्लस्मिथ यांच्यासह स्टॅनफर्डमधला एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी अर्धा तास एका हाताने रिळे ताटलीत भरायची आणि रिकामी करायची. पुढचा अर्धा तास फळीवरच्या ४८ खुंट्या पाव-पाव वळवायच्या. मग बाहेर थांबलेल्या मुलीला सांगायचे, ‘काम फार मजेचं आहे हं!’ या खोट्याचे काहींना १ डॉलर मिळाला, काहींना २०. नंतर काम खरोखर कसे वाटले, असे विचारल्यावर उणे ५ ते अधिक ५ या मापावर एक डॉलरवाल्यांची सरासरी आली अधिक १.३५, वीसवाल्यांची उणे ०.०५. वीस डॉलर हे खोटे बोलायला पुरेसे कारण होते. एका डॉलरसाठी आपण खोटे बोललो हे मनाला पटेना, तेव्हा त्या कामातच गोडी सापडली.

मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी १९६७ मध्ये यावर आक्षेप घेतला: अस्वस्थता वगैरे कशाला मानायची? माणूस त्रयस्थासारखा स्वतःचे वागणे पाहतो आणि त्यावरून आपले मत ठरवतो. वाद लांबला, पण वागणे आधी आणि मत मागून येऊ शकते, हे दोन्ही बाजूंना मान्य होते. घरातली बचत मोडून मुलाला महागड्या क्लासला घातलेल्या आई-बाबांना विचारून पाहा. निकाल यथातथा लागला तरी ‘पण तिथे शिस्त फार चांगली लागते’ हे वाक्य तयार असते. ते खोटे बोलत नाहीत. त्यांना आता तसेच वाटते.

म्हणून मोबाइलवर आलेला एखादा भडक संदेश काकांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला की आपण पुरावे घेऊन तुटून पडतो, ते बहुधा वाया जाते. तो संदेश खोटा ठरला तरी ज्या भीतीला वा रागाला त्याने आधार दिला, ती जागच्या जागी राहते आणि दुसरा आधार शोधते. ‘हे कुठे वाचलंत?’ याच्या आधी ‘काका, तुम्हाला धास्ती कशाची वाटतेय?’ असे विचारायला हवे. उत्तर नेहमी मिळेलच असे नाही. भीतीला नेमके नाव देणे काकांना जड जाते, तसे आपल्यालाही. आपल्याला सहज पटलेल्या गोष्टींना हाच प्रश्न विचारून पाहिला, की ते किती अवघड आहे हे कळते.