घरात रिव्हॉल्व्हर असावे काय?



मिस्सा संपल्यावर एका भाविकाने मला विचारले, "फादर, रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज करावा म्हणतो. ख्रिस्ती माणसाला हे चालते का?" त्यांचे घर वस्तीपासून दूर, मळ्यात आहे. विहिरीवरची मोटार आणि केबल दोनदा चोरीला गेली. आता चोर घरापर्यंत येतील ही भीती आहे. हाच विचार आणखी काही घरांत चालू असल्याचे नंतर कानावर आले. तेव्हा त्यावर सगळ्यांनी मिळून शांतपणे विचार केलेला बरा.

वरणगावच्या माणसाला काडतूस नवीन नाही. १९६० च्या दशकापासून आपल्या आयुध निर्माणीत सैन्याच्या रायफलींची काडतुसे तयार होतात. २०२१ पासून हा कारखाना 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' या सरकारी कंपनीचा भाग झाला, पण काम तेच आहे. आपल्यातील कित्येक कुटुंबे त्या पगारावर उभी राहिली. म्हणून दोन प्रश्न आधीच वेगळे करू. सैन्यासाठी काडतूस बनवणे हा एक प्रश्न आणि स्वतःच्या उशाशी भरलेले शस्त्र ठेवणे हा दुसरा.

हा फरक संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वीच केला होता. पब्लिकोला नावाच्या गृहस्थाला लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की, स्वतःचा जीव वाचवण्यासाठी खाजगी माणसाने दुसऱ्याचा जीव घ्यावा, हे आपल्याला पटत नाही. मात्र सैनिक किंवा अधिकारी इतरांच्या रक्षणासाठी, आपल्या अधिकारात राहून शस्त्र चालवतो, त्याची गोष्ट निराळी. संत अंब्रोज यांचेही मत असेच कडक होते.

ख्रिस्तसभेची शिकवण मात्र तेथेच थांबली नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाची नीट फोड केली. एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, असे ते म्हणतात. हल्ला परतवताना माझा जीव वाचतो आणि हल्लेखोर मरू शकतो. माझा हेतू जीव वाचवण्याचा असेल आणि मी गरजेपेक्षा जास्त बळ वापरले नसेल, तर ती कृती पाप ठरत नाही. पण येथे दोन अटी आहेत. खाजगी माणसाने मारण्याचा हेतू धरता कामा नये, आणि बळाचे माप सुटता कामा नये. आजचा कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ हीच भूमिका घेतो आणि पुढे जाऊन सांगतो की, ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे, त्याच्यासाठी रक्षण करणे हा केवळ हक्क नसून गंभीर कर्तव्यही असू शकते. घरच्या कर्त्या माणसाला हे लागू पडते.

म्हणजे, रिव्हॉल्व्हर घेणे हेच मुळात पाप आहे, असे मी सांगू शकत नाही. पण 'पाप नाही' एवढ्यावर विचार संपत नाही. शहाणपण आहे काय, हा पुढचा प्रश्न आहे.

रात्र आणि दिवस

निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात एक जुना नियम आहे. घर फोडताना चोर रात्री सापडला आणि मार लागून मेला, तर घरधन्यावर रक्ताचा दोष नाही; सूर्य उगवल्यावर तसे घडले, तर दोष आहे. आपल्या देशाचा कायदाही जवळपास हेच म्हणतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाविषयी आहेत. त्यांत सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी वेगळी धरली आहे. त्या प्रसंगी मालमत्तेच्या बचावाचा हक्क, ठरावीक मर्यादेत, हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकतो. पण त्याच कायद्यात असेही आहे की, बचावासाठी लागते त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क राहत नाही.

रात्री आणि दिवसात हा फरक का? दिवसा समोरचा माणूस दिसतो, त्याच्या हातात काय आहे ते कळते, शेजाऱ्याला हाक मारता येते. रात्री यातले काहीच नसते. म्हणून कायदा रात्रीच्या माणसाला समजून घेतो. पण हीच गोष्ट उलट बाजूनेही पाहा. जेव्हा आपल्याला सर्वांत कमी दिसते, तेव्हाच आपण सर्वांत मोठे, परत न फिरवता येणारे पाऊल उचलणार असतो. भुसावळला रात्रीच्या गाडीने उतरून न कळवता घरी आलेला मुलगा, ड्युटीवरून लवकर परतलेला भाऊ, पाण्यासाठी उठलेली आई, यांची पावलेही अंधारात चोराच्या पावलांसारखीच वाजतात. कायदा माफ करील, पण आपले मन आपल्याला माफ करील काय?

शस्त्र एका रात्रीपुरते येत नाही

संत थॉमस ज्या प्रसंगाविषयी बोलतात, तो हल्ल्याचा क्षण आहे. खरेदीचा निर्णय मात्र शांतपणे, दिवसाउजेडी घेतला जातो, आणि ते शस्त्र वर्षाचे ३६५ दिवस घरात राहते. चोर कदाचित कधीच येणार नाही. पण भांडण येते, दारू पिऊन आलेली संध्याकाळ येते, पीक गेल्याचे आणि कर्ज थकल्याचे दिवस येतात, परीक्षेत नापास झालेल्या मुलाची रात्र येते. या सर्व दिवशी ते कपाटात असतेच. आपण ते परक्यासाठी आणतो, पण ते राहते आपल्या माणसांत.

ही केवळ माझी भीती नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील २ कोटी ६० लाखांहून अधिक प्रौढांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ज्या पुरुषांकडे स्वतःचे पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर होते, त्यांच्यात गोळी झाडून आत्महत्या करण्याचे प्रमाण शस्त्र नसलेल्या पुरुषांच्या सुमारे ८ पट आढळले. कोणी म्हणेल, मरायचे ठरवूनच त्यांनी शस्त्र घेतले असेल. काहींच्या बाबतीत ते खरे आहे; खरेदीनंतर लगेचचा काळ सर्वांत धोक्याचा दिसला. पण अशा मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू शस्त्र घेतल्याला वर्ष उलटून गेल्यावर झाले. आपली परिस्थिती अमेरिकेसारखी नाही, हे मान्य. पण निराशेची लाट आपल्या खानदेशातल्या घरांतही येते. ती बहुधा ओसरते, आणि ती ओसरेपर्यंत हाताशी काय आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. घरात कोणी अशा लाटेतून जात असेल, तर शस्त्राचा विचारच सोडावा. त्या माणसाजवळ बसावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

घ्यायचेच असेल तर

तरीही काहींची गरज खरी असते. केळीच्या किंवा सोन्याच्या व्यवहारात रोकड घेऊन फिरणारे, उघड धमकी आलेले, अगदी एकाकी वस्तीत राहणारे. त्यांच्यासाठी काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

पहिली गोष्ट, परवाना. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे आपल्या जिल्ह्यात तो जिल्हाधिकारी देतात. पोलिसांचा अहवाल मागवला जातो. २०१६ च्या नियमांत शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त २ शस्त्रे ठेवता येतात. लग्नात किंवा वरातीत हवेत गोळीबार करणे हाही आता स्वतंत्र गुन्हा आहे. चकरा माराव्या लागतात म्हणून चिडू नका. मी का घेत आहे, हे स्वतःला विचारायला तो वेळ उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट, कोणते शस्त्र. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकासाठी निषिद्ध आहे. बहुतेकांच्या वाट्याला .३२ बोअर येते. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी 'निर्भीक' नावाचे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे .३२ रिव्हॉल्व्हर काढले, तेव्हा त्याची किंमत १ लाख २२ हजारांच्या घरात होती. प्रथमच घेणाऱ्यासाठी रिव्हॉल्व्हर पिस्तुलापेक्षा समजायला सोपे असते. त्याचे चक्र उघडले की सगळी घरे डोळ्यांना दिसतात. भरलेले की रिकामे, याचा संशय राहत नाही. पिस्तुलातून मॅगझिन काढले तरी नळीत एक गोळी राहू शकते, आणि 'रिकामे आहे' असे समजून पुष्कळ अपघात होतात. पण रिव्हॉल्व्हर असो वा पिस्तूल, ज्याला नियमित सराव जमणार नाही त्याने ते घेऊ नये. सराव नसलेल्या हाताला संत थॉमस म्हणतात ते माप पाळता येत नाही.

तिसरी गोष्ट, ठेवणे. शस्त्र वेगळ्या कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, किल्ली स्वतःजवळ. आता तुम्हीच पाहा: असे ठेवले तर मध्यरात्री ते चटकन हाती येत नाही, चटकन हाती येईल असे ठेवले तर मुलाच्याही हाती येते. ही अडचण कोणत्याही महागड्या शस्त्राने सुटत नाही. शिवाय आपले शस्त्र चोरीला गेले तर ते आपल्याच शेजाऱ्याच्या दारात उभे राहू शकते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या आयुध निर्माणीतूनच रायफली चोरीला गेल्या, तेव्हा सारे गाव हादरले होते. पहारा असलेल्या जागेची ही गत, तर घरच्या गोदरेजच्या कपाटाचे काय?

चौथी गोष्ट, गावठी कट्टा. चोपडा तालुक्याच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातील उमर्टीकडून येणाऱ्या कट्ट्यांच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. 'स्वस्तात मिळतो, कोणाला कळत नाही' असे कोणी सुचवले तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो हातात फुटू शकतो, आणि तो बाळगणारा पहिल्या दिवसापासून गुन्हेगार ठरतो. त्याहून मोठे म्हणजे, ज्या हातांतून चोराला शस्त्र मिळते, त्याच हातांत आपण आपला पैसा ठेवतो. चोरापासून वाचण्यासाठी चोरांचा बाजार चालवणे, यात कसले रक्षण?

नेमबाजी हा वेगळा विषय आहे

काही तरुणांना शस्त्राची आवड आहे, भीती नाही. त्यांनी आवडीला गरजेचे नाव देऊ नये. नेमबाजी हा उत्तम खेळ आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे या मध्य रेल्वेतल्या तिकीट तपासनिसाने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकले. सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलाने, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करता येते. त्याचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा असतो. या खेळात श्वास आवरावा लागतो, घाई सोडावी लागते, रागावलेला नेमबाज हरतो. हे सद्गुण घरात अवश्य यावेत, त्यासाठी उशाशी भरलेले शस्त्र लागत नाही.

आपली खरी राखण

लाखभर रुपयांचे शस्त्र एका घराचे रक्षण करील, कदाचित. त्याच्या थोड्या भागात गल्लीत दिवे लागतात, दाराला पक्की कडी बसते, मळ्यात कुत्रा पाळता येतो. ११२ हा क्रमांक फुकट आहे. आणि शेजाऱ्याने रात्री मारलेली हाक ऐकून उठण्याची सवय तर विकतही मिळत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने शस्त्र घेतले की चोर पुढच्या, गरिबाच्या घराकडे वळतो. आपली सुरक्षितता शेजाऱ्याच्या वाट्याला धोका ढकलून मिळवायची काय, हा प्रश्न मला परवान्याच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. मळ्यांतल्या पाच-सहा घरांनी मिळून रात्रीची पाळी लावली, तर त्यांत परवाना नसलेलाही सुरक्षित राहतो.

शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांकडे दोन तलवारी होत्या. प्रभूने त्या काढून घेतल्या नाहीत. पण त्याच रात्री, अंधारात, घाबरलेल्या पेत्राने तलवार उपसली आणि वार कोणावर झाला? कट करणाऱ्या प्रमुख याजकावर नाही, तर त्याच्या दासावर, मल्खावर. हेतू रक्षणाचा होता, प्रेमाचाही होता. कान मात्र गेला एका नोकराचा. प्रभूने तो बरा केला. आपल्या हातून सुटलेली गोळी कोणाला लागली, तर ती जखम अशी भरून काढणे आपल्या हातात नाही.

म्हणून अर्ज भरण्यापूर्वी घरच्यांना, विशेषतः पत्नीला आणि आईला, समोर बसवून विचारा: हे घरात आल्यावर तुम्हाला अधिक सुरक्षित वाटेल, की अधिक भीती वाटेल? त्यांचे उत्तर खरे माना. आणि काही ठरवण्याआधी एकदा आपल्या मळ्याच्या चारही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे जाऊन या.

प्रभूची शांती आपल्या घरांत राहो.

आपला धर्मगुरू