त्या सशांचं काय झालं?

गेली तीन वर्षे माझी आई आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते. शेवटी तिच्या दंडात एक लहानसे इंजेक्शन देतात. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्त गाळणे तर थांबतेच, पण एरिथ्रोपोएटिन नावाचे जे संप्रेरक ती बनवतात, ज्याच्या हुकमाने हाडांतील मज्जा तांबड्या पेशी घडवते, तेही आटते. इंजेक्शनात तेच असते. चार पायऱ्यांत धापा टाकणारी आई आता तुळशीला स्वतः पाणी घालते.

आई माळकरी. पहिल्याच दिवशी तिने विचारले, "बाळ, ह्यात जनावराचं काय नाही न्हवं?" मी म्हटले, "नाही गं." तिने निर्धास्तपणे दंड पुढे केला.

मी तत्त्वज्ञानाचा एम.ए. आणि मुलांना खरे बोला म्हणून सांगणारा हेडमास्तर. ते 'नाही' मला टोचत राहिले, म्हणून वाचू लागलो.

१९०६ साली पॅरिसमध्ये कार्नो आणि देफ्लांद्र यांनी सशांचे रक्त काढले, त्यातला द्रव दुसऱ्या सशांना टोचला आणि तांबड्या पेशी वाढल्याचे सांगितले. १९५३ मध्ये अमेरिकेत अर्सलेव्ह यांनी रक्तक्षय घडवलेल्या सशांचा भरपूर रक्तद्रव वापरून ते पक्के केले. पण हे द्रव्य बनते कुठे? १९५७ मध्ये शिकागोत जेकबसन, गोल्डवासर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांचे एकेक इंद्रिय काढून पाहिले. मूत्रपिंडे काढल्यावर ते बनेना! पुढे गोल्डवासर यांनी मेंढ्यांना मुद्दाम रक्तक्षयी करून वर्षानुवर्षे त्यांचे रक्त धुंडाळले. १९७७ मध्ये माणसाचे शुद्ध संप्रेरक हाती आले, ते मात्र जपानी रुग्णांच्या २,५५० लिटर लघवीतून, आणि तेही जेमतेम आठ मिलिग्रॅम. आज ते सर्रास बनवतात ते चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत. १९५७ मध्ये एका मादीच्या बीजांडकोशातून घेतलेल्या पेशींचा तो वंश.

म्हणजे संप्रेरक माणसाच्याच नमुन्याचे, पण घडवले जनावराच्या पेशींनी, आणि त्यामागे ससे, उंदीर, मेंढ्यांची ही रांग. माझे 'नाही' कुठे बसते?

मित्र म्हणतात, लाखो माणसे सुखाने जगताहेत, मग थोड्या सशांचे काय घेऊन बसलात? हा बेंथमचा हिशेब. (त्याच बेंथमने १७८९ च्या ग्रंथात जनावरांच्या वेदनेलाही त्या हिशेबात जागा दिली, हे सोयीने विसरले जाते.) माझी अडचण वेगळी आहे. हा हिशेब नेहमी मागाहून मांडला जातो.

तेच संप्रेरक मेंदूतही थोडे बनते. मेंदूची रक्तवाहिनी बंद केलेल्या उंदरांना ते दिले, तर मेंदूच्या पेशी वाचताना दिसल्या. आशा वाढली. जर्मनीत पक्षाघाताच्या ५२२ रुग्णांवर चाचणी झाली. २००९ मध्ये निष्कर्ष आले. फायदा दिसला नाही, उलट औषध दिलेल्यांत मृत्यू अधिक झाले. मूत्रपिंडाच्या उंदरांच्या खात्यावर माझ्या आईचे आयुष्य जमा दाखवता येईल. मेंदूच्या या उंदरांच्या खात्यावर काय लिहायचे? त्यांची वेदना कमी नव्हती. आणि सुरी चालवताना कुठला उंदीर कामी येणार, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

म्हणून 'फायदा झाला, तेव्हा योग्यच होते' हे वाक्य मला लटके वाटते. प्रयोग थांबवा, असे म्हणायला मात्र माझ्याजवळ तोंड नाही. आई त्या खाटेवर आहे. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये सांगितले तसे जनावराऐवजी दुसरे काही वापरा, नाही जमले तर कमीत कमी वापरा, त्यांचे हाल कमी करा, हे मला पटते. कारण त्यात आपण देणेकरी आहोत याची कबुली आहे. आपल्याकडे गोग्रास आहे, काकबळी आहे. उंदराचे पान कोणी वाढत नाही.

गेल्या महिन्यात आईला सगळे सांगितले. खोटे बोललो म्हणून ती रागावली नाही. बराच वेळ माळ ओढत राहिली, मग म्हणाली, "त्या सशांचं काय झालं रे पुढं?"

"मेले असतील, आई."

गुरुवारी नर्सने दंड धरला तेव्हा आई तिला कानडीत म्हणाली, "स्वल्प तडियव्वा." डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि मग दंड पुढे केला. काय पुटपुटली, ते मी विचारले नाही.